भिंतीतली टकटक

माझी नातवंडं ऑकलंडला राहतात. सुट्टीत तिकडे गेले की ती मला भुताचे चित्रपट दाखवतात, कारण आजी घाबरते का ते त्यांना बघायचं असतं. पडद्यावर केस सोडलेली एखादी बाई जिना उतरते, वाद्यं किंचाळतात, मुलं उशा तोंडावर घेतात आणि मी आपली शेंगा सोलत बसते. एवढा खर्च करून या लोकांना एक धड भूत उभं करता येत नाही, असं म्हटलं की मुलं चिडतात. पण त्यांनी माझ्या लिसिआतेमामाचं भूत ऐकलेलं नाही. ज्यानं ते ऐकलं नाही, त्यानं माझ्याशी भीतीबद्दल बोलूच नये.

'ऐकलेलं' हाच शब्द बरोबर आहे. आमच्या बेटावरच्या पांगाई गावात तेव्हा चित्रपट बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त. रिळं राजधानीतून, नुकुआलोफाहून बोटीनं यायची, त्यातली माणसं इंग्रजीत बोलायची, आणि बेटावर इंग्रजी कळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग पडद्याच्या कडेला खोक्यावर बसून एक माणूस माइकवर सगळ्यांचं बोलणं आमच्या भाषेत सांगायचा. नायकाचं, नायिकेचं, पोलिसाचं, आणि लहर लागली तर कुत्र्याचंसुद्धा. तो माणूस म्हणजे माझा मामा. एरवी तो खोबरं वाळवायचा. दिसायला किडकिडीत, चालताना एक खांदा खाली, चारचौघांत उभा राहिला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण दिवे गेले आणि माइक हातात आला की त्याच्या गळ्यातून कोण कोण बाहेर यायचं, देव जाणे.

खेळाच्या आधी तो आणि मशीनवाला फेलेती दोघंच बसून चित्रपट एकदा बघून घ्यायचे. निम्मं मामाला कळायचं, निम्मं तो पदरचं घालायचा. पदरचंच जास्त चांगलं असायचं. धुक्यातून येणाऱ्या मेलेल्या खलाशांची बोट त्यानं सरळ आमच्या खाडीत आणून उभी केली होती. त्यानंतर कितीतरी दिवस बापई माणसंसुद्धा अंधार पडायच्या आत होड्या किनाऱ्याला लावत होती. भुताच्या चित्रपटात ऐन वेळी तो स्वतःच्या आवाजात ओरडायचा, "मागं बघू नका! दाराशी कोण उभंय? उठा, पळा! खरंच सांगतोय!" अख्खं सभागृह किंचाळायचं आणि मग पोट धरून हसायचं. लोकांना त्याचंच वेड होतं.

फक्त एकदा त्याचा घात झाला. मामा 'पळा' म्हणाला आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. लोक खरोखरच पळाले. दार एकच, कारण फुकटे आत घुसतात म्हणून मालकानं दुसऱ्या दाराला फळ्या ठोकलेल्या. त्या एका दारात माणसांचा असा खच पडला की एका मुलीचा हात मोडला आणि एका म्हाताऱ्याच्या बरगड्या गेल्या. मामा दुसऱ्या दिवशी दोघांच्या घरी कोनफळं घेऊन गेला आणि मान खाली घालून बसला. पुढच्या खेळाला लोकांनीच ओरडून विचारलं, "लिसिआते, 'पळा' कधी म्हणणार?" लोक असे असतात.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट मामाची असली तरी धागा आईच्या हातात होता. आई, कालोलाइने, मामाहून मोठी. आमच्यात बहीण भावाहून वरची. मामा तिच्या घरात पाऊल टाकत नसे, ती असेल तिथं बसत नसे, आणि रस्त्यात ती समोरून दिसली तर त्याचा आवाजच बसायचा. भाचरांना मात्र मामाकडे सगळं माफ. मी त्याच्या ताटातला मासा उचलायचे, त्याची टोपी घालून मिरवायचे, त्याच्या खांद्यावरून त्याला चिडवायचे, आणि तो म्हणायचा, "घे बाई घे, मीही तुझाच आहे, मलाही घेऊन जा."

आणि भावाबहिणींच्या कानांवर एकाच वेळी वावगा शब्द पडता कामा नये, हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम. चुलत, मावस, मामे सगळे भाऊ-बहीणच, म्हणजे पांगाईत कुठल्याही सभागृहात प्रत्येक पुरुषाची कुणीतरी बहीण असणारच. म्हणून पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, आणि मध्ये मामाची जीभ. पडद्यावर नायक नायिकेच्या तोंडाजवळ तोंड नेऊ लागला की मामा गंभीरपणे सांगायचा, "ती त्याला म्हणतेय, उद्या प्रार्थनेला उशीर करू नकोस." दोघं पलंगावर आडवी झाली की, "दमलीत बिचारी. दिवसभर कोनफळं लावलीत." पोरं खुसखुसायची, पण नियम पाळला जायचा.

तरी बऱ्याच घरांतून मुलींना चित्रपटाला सोडत नसत. बायका साल कुटायला आमच्या छपरीत जमायच्या. ओंडक्यावर झाडाची साल पसरून लाकडी मोगरीनं कुटायची आणि तिचं कापड करायचं, असं ते काम. आई त्यांची पुढारी. हात चालायचे तसं तोंडही चालायचं, आणि एक दिवस या चित्रपटांवरून वाद पेटला. आईनं मोगरी खाली ठेवली आणि म्हणाली, "माझ्या भावाच्या तोंडून तुमच्या पोरींच्या कानावर एक शब्द वाकडा पडणार नाही. पडला तर माझ्या अंगणात या आणि मला जाब विचारा. आणि मी स्वतः येऊन बसते, मग तर झालं?"

झालं. शनिवारच्या दुपारच्या खेळाला डावी बाजू गच्च भरू लागली. आई सगळ्यात मागच्या बाकावर ताठ बसायची, मी तिच्या शेजारी. मामाला हे कळलं तेव्हा त्याचा घास घशात अडकला. मला म्हणाला, "वासिती, तुझ्या आईनं माझ्या जिभेवर स्वतःची अब्रू ठेवलीय. यापेक्षा मला समुद्रात लोटलं असतं तर बरं झालं असतं."

ज्या शनिवारची ही गोष्ट, त्या दिवशीचा चित्रपट दीपगृहाचा होता. एकटा रखवालदार, त्याची बायको वारलेली, कामाला आलेली एक तरुण मुलगी, आणि भिंतीच्या आतून येणारी टकटक. एवढंच. इंग्रजीत ती साधी ठोठावण्याची टकटक असेल. मामानं माइकवर नख आपटून तो आवाज काढला आणि हळू आवाजात म्हणाला, "ऐकलंत? कुणीतरी साल कुटतंय. घरात मयत झालेलं असताना साल कोण कुटतं?"

माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे मयताच्या दिवसांत मोगरीचा आवाज काढत नाहीत. डावीकडच्या सगळ्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. रोज ज्या आवाजात आम्ही हसतो, भांडतो, पोरं झोपवतो, तोच आवाज त्या भिंतीतून येत होता. टक, टक, टक. थांबायचा. रखवालदार भिंतीला कान लावायचा. पुन्हा टक, टक, टक.

सभागृह म्हणजे खोबऱ्याच्या गोदामाचा अर्धा भाग. पडदा म्हणजे पांढरी रंगवलेली फळ्यांची भिंत, आणि तिच्यामागे छपरापर्यंत खोबऱ्याच्या गोण्या. दार दुसऱ्या टोकाला. फेलेती जनरेटरमध्ये तेल घालायला मागं गेला होता. तो भिंतीच्या कडेकडेनं वाकून परत आला आणि मामाच्या कानाशी लागला. मामा बोलता बोलता थांबला. मामा कधी थांबत नसे. पडद्यावर ती मुलगी तोंड हलवत राहिली आणि तिला आवाजच नव्हता.

फेलेतीनं काय सांगितलं ते मामानं मला नंतर सांगितलं. गोण्या पेटल्या होत्या. आतून धुमसत होत्या, जाळ अजून बाहेर दिसत नव्हता, पण भिंतीच्या फळ्या हाताला चटका देत होत्या. जळक्या खोबऱ्याचा वास सुटला होता, पण तो कुणाच्या ध्यानात येणार? आमच्या कपड्यांना, केसांना बारा महिने तोच वास.

मामा माइकवर म्हणाला, "मंडळी, उठा. सावकाश बाहेर चला."

सगळे आनंदानं किंचाळले.

"खेळ थांबवतोय. खरंच सांगतोय."

उजवीकडून चर्चमधला सिमोते ओरडला, "आम्ही नाही हलणार! आधी त्या भिंतीतल्या बाईला बाहेर काढ!" हसण्याचा नुसता कल्लोळ. मामानं इतकी वर्षं 'खरंच' हा शब्द इतक्या वेळा वापरला होता की त्यात काही उरलंच नव्हतं. उरला होता एकच शब्द, 'आग', आणि तो उच्चारला असता तर ते दार पुन्हा माणसांनी बुजलं असतं. पुढं चटयांवर चिल्लीपिल्ली बसलेली. पडद्याच्या उजेडात मामाचं तोंड मला दिसत होतं. घामानं नुसतं निथळत होतं. त्यानं एकदा आमच्या बाकाकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मग तो पुन्हा बोलू लागला, त्या रखवालदाराच्या आवाजात. पडद्यावर रखवालदार आणि ती मुलगी भिंतीपाशी नुसती उभी होती. पण मामाच्या तोंडून रखवालदार तिच्याशी जे बोलू लागला ते मी सांगणार नाही. म्हातारी झाले तरी सांगणार नाही. पहिल्या वाक्याला लोकांना वाटलं, चुकून निसटलं. दुसऱ्या वाक्याला उजवीकडचं हसणं गपकन बंद झालं. तिसऱ्या वाक्याला सिमोते उठला. त्याच्या बहिणी आमच्या पुढच्या बाकावर होत्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही, कुणाकडेच बघितलं नाही, मान खाली घातली आणि दाराकडे चालू लागला. त्याच्यामागे दुसरा, मग पाच, मग बाकंच्या बाकं. ना धक्का, ना हाक. घाबरलेली माणसं एकमेकांना तुडवतात. शरमलेली माणसं आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून पाऊलसुद्धा वाजवत नाहीत. उजवी बाजू अशी रिकामी झाली की जणू प्रार्थना संपली.

मग आया उठल्या. पुढच्या पोरांना दंडाला धरून, कानांवर हात दाबून बाहेर घेऊन गेल्या. पण साल कुटणाऱ्या बायका, त्यांच्या मुली, डावीकडची मागची सगळी बाकं जागची हलली नाहीत. त्या आईकडे बघत होत्या. आणि आई बसून होती.

"आई, ऊठ," मी म्हटलं.

"बस खाली."

"अगं, ऐकतेस ना तो काय बोलतोय?"

"माझा भाऊ असं बोलत नाही," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तो चित्रपट बोलतोय. मी उठले तर या सगळ्या म्हणतील, कालोलाइनेचा शब्द खोटा पडला. मी उठणार नाही."

मामाचा आवाज चिरकू लागला होता. पडद्याच्या खालच्या फळीतून धुराची बारीक रेघ निघाली, ती मला दिसली, पण ती चित्रपटातलीच असावी असं मला वाटलं. तिथंही धुकं होतंच. मामा आणखी घाण बोलला. आई हलली नाही. बायका हलल्या नाहीत.

तेव्हा मामानं तिचं नाव घेतलं. आपल्याच आवाजात, माइकवर, स्पष्ट. "कालोलाइने," म्हणाला, आणि त्या नावाला जोडून एक वाक्य बोलला. भावानं बहिणीला उद्देशून बोलावं असं ते वाक्य नव्हतं. कुणीच कुणाला बोलावं असं नव्हतं.

आई उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती चालू लागली आणि तिच्यामागे सगळ्या बायका, मुली, मी. बाहेर उन्हात पुरुष मुठी आवळून उभे होते. शेवटी फेलेती आणि त्याच्यामागून मामा आला. सिमोतेनं त्याच्या तोंडावर असा ठोसा मारला की मामा सरळ मातीत बसला. दुसरा ठोसा उचललेला असतानाच आत काहीतरी मोठ्यानं फुटलं. पडद्याची भिंत कोसळली आणि दारातून जाळ बाहेर आला. खोबऱ्याचं तेल पेटल्यावर कसा भडका उडतो ते आम्हाला माहीत आहे. पत्रे तडतडले. सिमोतेचा हात तसाच वर राहिला.

कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. फक्त मामाचं नाक फुटलं होतं.

लोकांनी त्याच दिवशी माफ केलं. सिमोते स्वतः डुक्कर घेऊन मामाच्या दारात गेला आणि रडला. पण आईनं आमच्या घराचं दार लावून घेतलं. रविवारी ती चर्चला गेली नाही. तसं कधी घडलं नव्हतं. बायका आल्या, कुंपणापासून परत गेल्या. मी तडकले. "आई, त्यानं तुझा जीव वाचवला."

"ते कळतं मला. मी आंधळी नाही."

"मग?"

"माझं नाव घेतलं त्यानं."



सोमवारी सकाळी मामा आमच्या अंगणात आला. कमरेला गुंडाळलेली फाटकी चटई, गळ्यात चेस्टनटच्या झाडाच्या पानांचा हार. मोठा अपराध केलेला माणूस आमच्याकडे असाच येतो आणि बसून राहतो. ज्याचा अपराध केला तो बाहेर येईपर्यंत बसतो. तो ऊन उतरेपर्यंत बाहेर आलाच नाही, तर अपराधी उठून जातो आणि पुन्हा त्या घरासमोरून जात नाही. मामा मान घालून बसला. ऊन चढलं. कुंपणापाशी माणसं जमली. सिमोतेनं हाक मारली, "कालोलाइने, आता पुरे कर. माझ्या बहिणी जिवंत आहेत." दार लागलेलंच. मी मामाला पाणी नेलं, त्यानं घेतलं नाही. म्हटलं, "मामा, मर इथं बसून, तेवढंच राहिलंय." तो हसला, पण हसल्यानं सुजलेलं नाक दुखलं. ऊन उतरलं. गळ्यातली पानं वाळून वळली. मला वाटलं, संपलं. आता हा उठेल आणि माझा मामा गेला.

तेवढ्यात खिडकीच्या झडपेमागून आईचा आवाज आला. "वासिती, विचार त्याला. त्या भिंतीत कोण होतं?"

मी वळले. मामानं ऐकलं होतंच, पण दोघं थेट बोलत नसत, म्हणून मला विचारावं लागलं. "मामा, भिंतीत कोण होतं?"

तो घरापासून तोंड फिरवून माझ्याकडे बघत सांगू लागला. माइक नव्हता, आवाज बसलेला, पण तोच होता तो. सांगितलं, रखवालदार हातोडा घेतो. भिंतीपाशी येतो. टकटक चालूच आहे. कुंपणापाशी चिटपाखरू हलत नव्हतं. पुढं कित्येक वर्षांनी तो चित्रपट मी ऑकलंडला पाहिला. त्यात रखवालदार भिंत फोडतो, आणि आतून येतं ते त्याला घेऊन जातं. मामानं ते आधी पाहिलं होतं, त्याला ते ठाऊक होतं. पण आमच्या अंगणात तो म्हणाला, "तो हातोडा खाली ठेवतो. भिंत फोडत नाही. फोडायचा हक्क त्याला नाही. तो नुसता कान लावतो, आणि बोटानं ठोठावतो."

मामानं शेजारच्या ओंडक्यावर बोट वाजवलं. टक, टक, टक.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग तो वाट बघतो, वासिती."

नातवंडं विचारतात, आजी, तू सगळ्यात जास्त कधी घाबरलीस? तेव्हा. मामा वाट बघत होता तेव्हा. घर गप्प होतं.

मग आतून मोगरी वाजली. टक, टक, टक.

कुंपणापाशी जमलेली सगळी माणसं दचकली, सिमोतेची बायको तर चक्क किंचाळली. मामानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गळ्यातली वाळकी पानं थरथरत होती. दार बोटभर उघडलं आणि आईची सणावाराला कमरेला गुंडाळायची चटई बाहेर सरकली. मी मामाची फाटकी सोडली, ती चांगली त्याच्या कमरेला बांधली, आणि तो लहान पोरासारखा मुसमुसत उभा राहिला.

"वासिती," आई आतून म्हणाली, कुंपणापाशी उभ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "पुढचा खेळ कधी आणि कुठं आहे, विचार त्याला."